फॉर्म नंबर ३४

सकाळी तुरुंगातली बराक मोजली. हे माझं आवडतं काम. लेझर मीटर भिंतीला टेकवायचा, समोर लाल ठिपका पाडायचा, लांबी-रुंदी घ्यायची आणि मग संडास-मोरीची जागा वजा करायची. तुरुंगाच्या कागदावर ही वजाबाकी नव्हती, म्हणून तिथला आकडा आमच्यापेक्षा गुबगुबीत. युरोपच्या छळप्रतिबंधक समितीचा निकष सामायिक कोठडीत माणशी किमान ४ चौरस मीटर, तेही संडास सोडून. आमचं उत्तर आलं १.९. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "रात्री येऊन मोजा." परवानगीपत्रात रात्र नव्हती.

दुपारी मुलाखती. तुरुंगात मुलाखत म्हणजे घरच्यांची भेट. आमची म्हणजे नुसती प्रश्नावली. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांनुसार तपासनिसांना कैद्याशी खासगीत बोलता येतं, पण आम्ही पडलो संशोधक. शिपायाला दोनदा लांब बसायला सांगितलं, त्यानं खुर्ची वीतभर सरकवली.

चौतिसावा होता कच्चा कैदी. झोप? पाचपैकी पाच. गर्दीचा त्रास? अजिबात नाही. त्याच बराकीतला माणूस! मला वाटलं, शिपायाची भीती. पेन खाली ठेवून हळूच विचारलं, तर हसला.

"ताई, हे छापून येणार ना? पोरगी वाचते माझी. बाप नीट झोपतो हे कळू दे तिला."

नाव छापत नाही, नुसता नंबर असतो, असं सांगितलं.

"मग चौतीस म्हणजे मी. पुढच्या मुलाखतीला आली की सांगतो तिला."

लंडनच्या ४११ मुलग्यांवर १९६१पासून एक अभ्यास चालला. पालक तुरुंगात गेल्यामुळे दुरावलेली मुलं पुढे जास्त अडचणीत सापडतात, असं त्यातून दिसलं. इतर कारणांनी दुरावलेल्यांपेक्षाही जास्त. मुली त्यात नव्हत्याच. आमच्या प्रश्नावलीतला कुटुंबाचा भाग असल्याच अभ्यासांवर बेतलेला. भेटीला कोण येतं, किती वेळा येतं, सगळं विचारलंय. घरी काय सांगता, हे कुठेच नाही. तो भाग मीच लिहिलाय.

वरिष्ठ म्हणाले, चौतिसावा फॉर्म बाद कर. लोकांना बरं दिसेल असं उत्तर म्हणजे सामाजिक इष्टतेचा दोष, पहिल्या वर्षाला शिकवतात. खरंच आहे. त्यांना बराकीचा वास आठवत नसावा, ते सोडा.

फॉर्म अजून माझ्या टेबलावर आहे. परिशिष्टात नंबर सलग लावतात. हा काढला की पस्तीसचा चौतीस होतो, आणि पस्तीसनं झोपेला एक दिलाय.