खडकीचा सॅपर, क्वांग त्रीचा तोपची

आमच्या व्हिएतनाम टूरमध्ये ह्युए शहराला एक दिवस असतो. राजवाडा, राजांच्या समाध्या, संध्याकाळी नदीवर बोट. मंडळी त्यात खूश असतात. पण कोविडच्या आधीच्या एका ग्रुपमध्ये साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी मुंबई विमानतळापासूनच टुमणं लावलं होतं, "ताई, ती सतरा अक्षांशाची लाईन दाखवणार ना?" ती कार्यक्रमात नव्हती. शेवटी ज्यांना ह्युएच्या बाजारात रस नव्हता त्यांच्यासाठी वेगळी मिनीबस केली आणि उत्तरेला क्वांग त्री प्रांतात निघालो.

1954 च्या जिनिव्हा करारानं देश ह्याच रेषेपाशी उत्तर आणि दक्षिण असा कापला गेला. बेन हाय नदी ही सीमा ठरली. करार पाळला जातोय का हे पाहायला जो आंतरराष्ट्रीय आयोग आला, त्याचं अध्यक्षपद भारताकडं होतं. आपले फौजी अधिकारी इथं वर्षानुवर्षं राहून गेले. ही माहिती मला गाईडकडून नाही, सुभेदारांकडून कळली. (मी इतकी वर्षं ह्या देशात ग्रुप घेऊन येतेय!)

नदीवरचा पूल पाहून परतताना डोंग हा गावात सुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणाऱ्या केंद्रावर थांबलो. न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करणारा 'प्रोजेक्ट रिन्यू' 2001 साली सुरू झाला, त्यांचं हे केंद्र. तो उभा करण्यात चक सर्सी ह्या अमेरिकन माणसाचा मोठा वाटा. युद्धात तो सायगावला लष्करी गुप्तवार्ता विभागात होता, आणि 1995 पासून हनोईला येऊन राहिला. असे बरेच आले. हनोईजवळ एजंट ऑरेंजनं, म्हणजे अमेरिकेनं जंगलांवर फवारलेल्या विषारी रसायनानं, बाधित झालेल्यांसाठी फ्रेंडशिप व्हिलेज आहे, त्याची कल्पनाही जॉर्ज मिझो ह्या अमेरिकन सैनिकाचीच.

आम्हाला जो भेटला तो असा नावाजलेला नव्हता. सत्तरीचा, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेला. वर्षातले काही महिने येऊन केंद्रात पडेल ते काम करतो, असं तिथली मुलगी म्हणाली. 1968 मध्ये तो जवळच्या कॅम्प कॅरॉल ह्या अमेरिकन तळावर तोफखान्यात होता. 175 मिलिमीटरच्या तोफा, तीसेक किलोमीटरचा पल्ला. "आकडे यायचे, आम्ही तोफ लावायचो, उडवायचो. गोळा कुठं पडला हे एकदाही पाहिलं नाही," तो म्हणाला.

आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना राहवेना. त्यांनी इंग्रजीत थेट विचारलं, अपराधी वाटतं का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या गृहस्थानं ऐकून घेतलं. म्हणाला, "सुरुवातीला तेवढंच होतं. पहिल्या वेळी एका घरी नेलं, घरमालक समोरच्या फौजेत लढलेला. मी माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, आधी जेवा. मग त्यानं विचारलं, तुमची तोफ कुठल्या टेकडीवर होती? संध्याकाळपर्यंत आम्ही तेच बोलत होतो. आता सकाळी उठून कुठं जायचं ते माहीत असतं, एवढं पुरतं."

काकांचं समाधान झालं नाही. सुभेदार मात्र कधीच काचेच्या कपाटापाशी गेले होते. आत टेनिसच्या चेंडूएवढा लोखंडी गोळा होता, निकामी केलेला. इथले लोक त्याला 'बॉम बी' म्हणतात. विमानातून सोडलेल्या एका मोठ्या डब्यात असे सहाशेवर असतात, प्रत्येकात शेकडो पोलादी छर्रे. फिरत खाली येताना त्याचा फ्यूज चालू होतो. ज्यांचा होत नाही, ते शेतात पडून राहतात. पोरं खेळायला उचलतात, नांगराखाली येतात, भंगार वेचणारे घरी नेतात. 1975 नंतर एकट्या ह्या प्रांतात साडेआठ हजारांच्या घरात माणसं मेली किंवा जायबंदी झाली. आता गावकरी काही सापडलं की हात न लावता फोन करतात, टीम येऊन ते उडवून देते, आणि अपघात जवळपास थांबलेत.

"ताई, ह्याला सांगा, मी बॉम्बे सॅपर्स, खडकी. पराक्रमच्या वेळी राजस्थानात सुरुंग पेरलेत."

सॅपर म्हणजे सुरुंग पेरणारे-काढणारे फौजेतले इंजिनियर. आणि पराक्रम म्हणजे डिसेंबर 2001 मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर गेली ते ऑपरेशन, तेव्हाची ही गोष्ट. पुढचा तासभर मी दुभाषी होते, आणि निम्मं मला कळत नव्हतं. सुभेदार म्हणाले, आम्ही ओळीनं पेरतो, नकाशा करतो, तारेचं कुंपण घालतो. तुम्ही आभाळातून फेकलंत त्याची नोंद कुठाय? अमेरिकन म्हणाला, विमानांची नोंद आहे, ती व्हिएतनामला दिलीय. बॉम्ब कुठं टाकले ते त्यात आहे, पण कुठले फुटले नाहीत ते कोण लिहिणार? सुभेदार जरा थांबले. मग म्हणाले, "आमचेबी सगळे जागेवर नव्हते. वाळू सरकते. नकाशा बरोबर अन् सुरुंग भलतीकडं. काढताना माझ्या सेक्शनच्या पोराचा पाय गेला." हे त्यांच्या बायकोनंही पहिल्यांदाच ऐकलं.

दोघं गुडघे धरत खाली बसले आणि फरशीवर बोटानं रेघा काढत राहिले. तिथली मुलगी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, शेतात 175 चा गोळा निघाला की हे दोन दिवस धड जेवत नाहीत, म्हणून आता आम्ही मापच सांगत नाही. मग तिनं त्यांना रक्तदाबाची गोळी आणून दिली आणि घेतल्याशिवाय हलली नाही.

परतीच्या बसमध्ये भांडण जुंपलं. बँकेतले काका म्हणाले, आधी मारायचं, मग फरशी पुसायला यायचं, ही सोय चांगली आहे. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, तो आला तरी, हुकूम देणारे कुठं आले? सुभेदारांना मध्ये ओढलं तर ते म्हणाले, त्याच्या गुडघ्याला तेल लावा म्हणून सांगायचं राहिलं.

ऑफिसला मी हा थांबा कार्यक्रमात घ्या म्हणून लिहिलं. उत्तर आलं, लोक फिरायला येतात, बॉम्ब बघायला नाही. त्यामुळे आता ह्युएला पोचलं की नाश्त्याच्या वेळी मीच विचारते, कुणाला डोंग हाला यायचंय का. चारपाच जण निघतातच, गाडीचे पैसे वेगळे.