रंगाचे हात

पूर्वी मध्यमवर्गीय घरात ऑइल पेंटचा डबा एकदा उघडला, की त्याचा तळ दिसेपर्यंत घरातल्या कुठल्याच वस्तूची सुटका नसे. रंग आणलेला असायचा खिडक्यांच्या गजांसाठी. गज झाले की उरलेल्या रंगात चौकटी, मग मोरीचं दार, मग स्टूल, मग माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, तुळशीची कुंडी, आणि तरीही रंग उरलाच तर सायकलचं मडगार्ड. उघडलेल्या डब्यातला रंग फार दिवस टिकत नाही, वर जाड पापुद्रा धरतो, हे सगळ्यांना ठाऊक. वाया घालवायचं नाही, एवढंच त्यामागचं सौंदर्यशास्त्र. त्यातून घरभर जी एकरंगी शोभा तयार व्हायची, तिला आज इंटिरिअर डिझायनर पैसे घेतो.

रंग बहुतेक वेळा हिरवा. थोडा सरकारी, थोडा दवाखान्यातला. दुसरा चॉकलेटी, कारण त्यावर मळ दिसत नाही. तिसरा निळा, पण तो जरा हौशी लोकांचा.

गेली काही वर्षं जुनं फर्निचर आणून ते घरच्या घरी रंगवायचा नाद बराच पसरला आहे. मलाही तो लागलेला आहे. हाताखाली सध्या आहे ते आजीचं जाळीचं कपाट. फ्रिज येण्याआधी प्रत्येक स्वयंपाकघरात असं एक कपाट असायचं. चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी, आत दोन-तीन फळ्या, दाराला खिट्टी. त्यात दूध, विरजण, लोण्याचा सट आणि रात्रीची उरलेली आमटी. मांजरापासून बचाव जाळीने व्हायचा आणि मुंग्यांपासून पायाखालच्या पाण्याच्या वाट्यांनी. पायांचा खालचा भाग त्या पाण्याने कायमचा काळा पडलेला. त्यावर उपाय म्हणून दर दोन-चार वर्षांनी कपाटाला रंगाचा एक हात. त्यामुळे पाय खरवडायला घेतला की घराचा इतिहास उलट्या क्रमाने वर येतो. आधी क्रीम, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली तो हिरवा आणि सगळ्यात तळाशी प्रायमरचा फिका गुलाबी. कुठल्या थराला घरात कुणाचं लग्न होतं, हे आई बोट ठेवून सांगते.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. जुन्या पिवळ्या, केशरी आणि हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगं सर्रास असत. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा आपल्याकडचा नियम २०१६चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७पासून. म्हणजे आजीच्या कपाटावरचा रंग नियमाच्या कितीतरी आधीचा. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की त्याची धूळ घरभर उडते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात जास्त बाधते. म्हणून वॉटर पेपर घ्यायचा, पाणी लावून घासायचं, तोंडाला चांगला मास्क, खाली जुनी चादर, आणि पोरांना त्या दिवशी मावशीकडे पाठवायचं. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढायची जुनी पद्धतही नको, कारण त्या धुरात तेच शिसं असतं. एवढं सांभाळलं की शिशाचा धोका बराच कमी होतो.

रंग निघाला की खालचं लाकूड कळतं, आणि ते कळलं की घरात वाद सुरू होतो. लाकडांमध्ये आपण एक उतरंड लावून ठेवली आहे. वर साग, त्यातही बल्लारशाचा की ब्रह्मदेशचा यावर म्हाताऱ्या माणसांची मतं ठाम. मग शिसव. कोकणात फणसाला मान. ते लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं जातील तसं तांबूस तपकिरी होत जातं. आंबा, पांगारा, खोक्यांचं देवदार वगैरे मंडळी खाली. नियम असा, की सागाला पॉलिश करायचं आणि बाकीच्यांना रंग लावून झाकायचं. ‘सागवानी आहे हो’ हे वाक्य आपण ज्या आवाजात उच्चारतो, त्या आवाजात आपण मुलाच्या पगाराचा आकडाही सांगत नाही.

गंमत म्हणजे ज्यांनी तो साग विकत घेतला, त्यांनी स्वतःच त्यावर बिनदिक्कत हिरवा रंग थापला होता. खिडकीवर पाऊस आपटायचा, रंगाने लाकूड वाचायचं, विषय संपला. सागाच्या रेषा दिसाव्यात अशी हौस त्यांना नव्हती, कारण साग तेव्हा दुर्मीळ वाटत नव्हता. आता वाडे पडतात, त्यांची दारं-खिडक्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे जातात, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात, ओशिवऱ्यात आपण तोच साग शोधत फिरतो. घरी आणून पहिलं काम काय, तर आजोबांनी दिलेला रंग खरवडणं. खरवडताना ‘काय नास केलाय चांगल्या लाकडाचा’ असं म्हणायची पद्धत आहे. तीस वर्षांनी आपली नात आपल्या कपाटाकडे बघून हेच म्हणणार आहे, तेवढं मनाशी धरावं आणि घासत राहावं.

सागाचं लाकूड निघालं तर मी पॉलिशच्याच बाजूची. पॉलिश म्हणजे खरं, जुनं, चपडा लाखेचं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, त्याची ही लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधायचा आणि हात मारत राहायचं. एकेक हात इतका पातळ, की दिल्यासारखा वाटतच नाही. विसाव्या हाताला कधीतरी लाकूड आतून उजळल्यासारखं दिसायला लागतं. हीच लाख औषधांच्या गोळ्यांवर आणि चकचकीत मिठाईवरही असते, आणि ७८च्या गतीच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच असायच्या. म्हणजे दिवाणखान्यात नाट्यगीत वाजत होतं तेव्हा वाजणारी तबकडी आणि शेजारचं कपाट यांचं गोत्र एकच होतं.

लाखेचा तोटा असा, की तिला उष्णता, पाणी आणि दारू या तिन्हींचं वावडं आहे. गरम चहाचा कप टेकला की पांढरं वर्तुळ. दारूचा पेला कलंडला तर तो भाग विरघळतोच. जुन्या वस्तूवरचं पॉलिश लाखेचं आहे का हे ओळखायची युक्तीही यातूनच आली: न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा, चिकट होऊन सुटलं तर लाख. पावसाळ्यात मात्र या कामाला हात घालू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश दुधाळ होतं. पॉलिशवाले काका हे दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी लोकांना पॉलिश हवं असतं ते गणपतीच्या आधीच.

‘काका, दोन दिवस ऊन आहे की आता.’

‘ताई, ऊन तुमच्या गॅलरीत आहे. हवेत पाणीच आहे. दसऱ्यानंतर फोन करा.’

आणि ते जातात.

स्टेनबद्दल, म्हणजे लाकडाला छटा देणाऱ्या पातळ रंगाबद्दल, दुकानात फार गैरसमज विकले जातात. स्टेन पारदर्शक असतो. तो लाकडाला गडद करू शकतो, उजळ करू शकत नाही. गडद अक्रोडी रंगाच्या टेबलावर फिक्या ओकचा डबा ओतून काहीही होणार नाही. शिवाय स्टेन लाकडात मुरावा लागतो. वर जुनं पॉलिश शिल्लक असेल तर तो नुसता वर लोळतो. खोक्याच्या देवदारावर तर तो ठिगळाठिगळाने बसतो, कारण ते लाकूड काही जागी जास्त पितं आणि काही जागी कमी. त्यावर आधी पातळ लाखेचा एक हात दिला तर बराच फरक पडतो. सागाला अक्रोडाचा स्टेन देऊन अक्रोड म्हणून मिरवणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

आता आमच्या जाळीच्या कपाटाचं लाकूड. ते साग निघालं नाही. ते निघालं खोक्याचं, खिळ्यांच्या जुन्या भोकांसकट. घरात थोडी शोककळा पसरली. मला मात्र बरं वाटलं. सागाच्या बाबतीत आपण घाबरून असतो, प्रत्येक पर्यायाला कुणीतरी ‘अगं, सागाला?’ म्हणतं. गरीब लाकडाला काहीही करायची मुभा असते. भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा, १२० नंबरच्या पेपरने घासा, मग २२०, शेवटी झिरो पेपर, प्रायमर, आणि हवा तो रंग. फक्त जुन्या ऑइल पेंटचा थर ठेवून त्यावर थेट पाण्याचा रंग लावू नका. चकाकी घासून मोडलेली नसेल तर तो रंग पहिल्या उन्हाळ्यातच दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलून येतो.

हल्ली सगळ्यांना हवा असतो तो खडूसारखा कोरडा दिसणारा चॉक पेंट. तो १९९०मध्ये इंग्लंडात अ‍ॅनी स्लोन या बाईंनी आणला. त्याचं मोठं कौतुक हे, की घासणं-प्रायमर वगैरे फारसं न करताही तो बसतो. वरून मेण चोळायचं. आपल्याकडे हौशी लोक इमल्शनमध्ये चॉक पावडर किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून घरीच तो तयार करतात, आणि कोरड्या जागेतल्या वस्तूंना तो बरा चालतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या हातांसमोर नुसत्या मेणाचा टिकाव लागत नाही. तिथे वरून वॉर्निश हवंच.

या रंगाबरोबर एक रीतही आली आहे. नवा रंग देऊन झाला की कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने मुद्दाम खरवडायचे, म्हणजे वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली दिसते. मी एका स्टुलावर हे करत असताना आई मागे येऊन उभी राहिली.

‘आत्ताच रंग दिलास ना?’

‘हो.’

‘मग खरवडतेस का?’

‘जुनं दिसावं म्हणून.’

‘ते जुनंच होतं की गं. मग रंग कशाला दिलास?’

या प्रश्नाला इंग्लंडात उत्तर असेल. आमच्या स्वयंपाकघरात नव्हतं. कडा झिजवायला आपल्याला पेपरची गरज पडत नाही, धुण्याची बादली आणि दोन मुलं पुरतात. जाळीच्या कपाटाच्या कडा मी तशाच सोडल्या.

स्टेन्सिलचं मात्र मला खरंच आकर्षण आहे, आणि तेही जरा वाकड्या वाटेने आलेलं. आपल्या लहानपणी फर्निचरवर स्टेन्सिल कुठे दिसायचं? शाळेच्या बाकावर, सरकारी कचेरीतल्या खुर्चीच्या पाठीवर, वाचनालयाच्या कपाटावर, मंडपवाल्याच्या खुर्च्यांवर. पत्र्यात कापलेली अक्षरं, पांढरा रंग, खात्याचं नाव आणि नंबर. म्हणजे छापा मारायचा तो शोभेसाठी नाही, चोरी होऊ नये म्हणून. शोभेचा छापा होता तो रांगोळीचा: भोकं पाडलेला पत्र्याचा डबा किंवा चाळणी, आत रांगोळी भरून आपटली की उंबऱ्यावर गोपद्म, लक्ष्मीची पावलं, स्वस्तिक. ती कला रोज पुसली जायची. लाकडावर कायमची नक्षी हवी असेल तर ती हाताने काढायची. मुंजीच्या पाटावर लाल रंगावर पांढरी वेल, किंवा सावंतवाडीच्या चितारआळीतले पाट, चौरंग आणि देव्हारे. तिथल्या कारागिरांचा कुंचला एका दमात कमळाची पाकळी उतरवतो. ते पाहिल्यावर आपण प्लास्टिकचा कापीव छापा लावून कमळ काढायचं म्हणजे जरा संकोच वाटतो.

पण तेवढा हात सगळ्यांना कुठून असणार? छाप्याची एकच अट आहे: कुंचल्यात रंग जवळजवळ नसावा. बुडवायचा, जुन्या फडक्यावर टिपून बहुतेक रंग काढून टाकायचा, आणि उभा धरून टपटप मारायचा, ओढायचा नाही. ओढला की रंग छाप्याच्या कडेखाली शिरतो आणि वेलीला मिशा फुटतात. दोन ओले हात देण्यापेक्षा तीन कोरडे हात बरे. आणि चारही बाजूंना नक्षी मारायचा मोह टाळावा. दुकानातल्या छाप्यांत मोरोक्कोच्या फरशा, पॅरिसचे मनोरे आणि कमानी भरपूर. साधी आंब्याच्या पानांची ओळ मिळायला फिरावं लागतं. मी शेवटी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर गोपद्म काढून कटरने कापून घेतलं. फिल्म चिवट असते, ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा तयार. कुणाच्या तरी गुडघ्याचा तो एक्स-रे होता. नक्षीवर त्याचा काही परिणाम झालेला नाही.

कपाट आता हिरवं आहे. तोच हिरवा, पण शिसं नसलेला, दुकानदाराने यंत्रावर मिसळून दिलेला. वरच्या पट्टीवर पांढऱ्या गोपद्मांची एकच ओळ. उजव्या मागच्या पायाचा टीचभर भाग मी रंगवला नाही. तिथे सगळे थर पाणी लावून घासून, वॉर्निश मारून ठेवले आहेत, क्रीमपासून गुलाबीपर्यंत. भिंतीकडे असल्याने कुणाला दिसत नाही, आणि लग्नांचा हिशेब शाबूत राहतो.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो आतून पक्का झाला असं नसतं. ऑइल पेंटला त्यासाठी पुढे बरेच दिवस द्यावे लागतात. नाहीतर फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र चिकटतं आणि बाजारभाव कायमचे उलटे छापले जातात. तेवढे दिवस आम्ही कपाट रिकामं ठेवलं. त्यात काय ठेवायचं यावर घरात दोन पक्ष पडले. मुलीला पुस्तकं आणि मनीप्लांट हवा होता. आईने तेवढ्यात आत कांदे-बटाटे भरून टाकले. जाळीमुळे हवा खेळती राहते, ही गोष्ट खरी आहे. वाद घालायचा तर एकाच मुद्द्यावर घालता येतो: दोन्ही शेजारी ठेवले की लवकर खराब होतात. म्हणून बटाटे खालच्या फळीवर गेले आहेत, पुढे गोणपाटाचा तुकडा टांगून, उजेडाने हिरवे होऊ नयेत म्हणून.