कोंडाणे लेणी: धबधब्यामागे जायचं असेल तर

कोंडाणे ही कर्जतजवळची डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. कर्जत स्टेशनबाहेर "पंधरा मिनिटांची वाट, चपलेवरही जमेल" असं सांगतात. साफ खोटं आहे. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत पावसाळ्यात तास धरा, आणि चपला घरी ठेवा.

रिक्षा ठरवताना भाडं माणशी की अख्ख्या गाडीचं, जायचं की येण्यासकट, आणि कोंदिवडे गावात सोडणार की पुढे पायथ्याला, हे तिन्ही प्रश्न बसण्याआधी विचारा. फसवणूक होते ती इथेच. चालकाचा नंबर घ्या, पण परतीचे पैसे परत आल्यावरच द्या.

गावातून रानापर्यंतची वाट सोपी आहे. लेण्यांखालचा शेवटचा चढ मात्र वाईट. लाल मातीचा चिखल बुटाच्या खाचांत बसतो आणि तोच बूट लगेच ओल्या, शेवाळलेल्या कातळावर टेकतो. बहुतेक जण इथेच आपटतात. कातळावर चढण्याआधी बुटाचे तळवे दगडावर घासून चिखल काढा. काळपट, तुकतुकीत दगड टाळा; खडबडीत, कोरड्या रंगाचा दगड पकड देतो. उतरताना हाच टप्पा दुप्पट वेळ खातो.

वाटेतल्या ओढ्याचं पाणी गढूळ होऊन पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या तर तिथूनच परत फिरा. वर राजमाची किल्ल्याच्या पठारावर पाऊस कोसळतोय, हाच त्याचा अर्थ.

आणि मग ती धार! कड्यावरून सुटलेलं पाणी थेट चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, तोंडापुढे पडतं, आणि आपण इसवी सनापूर्वी कोरलेल्या कातळात, पाण्याच्या आत उभे. अप्रतिम. पण पाण्याबरोबर वरून दगडही सुटतात आणि धार पडते त्याच पट्ट्यात आदळतात. म्हणून धारेखाली भिजत उभं राहायचं नाही. एका कडेने, भिंतीला लागून, एकेकाने झटकन आत जायचं. हेल्मेट असेल तर इथे घालाच.

आत गेल्यावर दर्शनी भागात भग्न शिल्पाशेजारचा ब्राह्मी या प्राचीन लिपीतला लेख शोधा: "कण्हस अंतेवासिना बलकेन कतं". कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. भिजून थरथरतानाही हा लेख चुकवू नका. लेणी एकूण 16 आहेत, पण वेळ चैत्यगृह आणि शेजारच्या विहाराला (भिक्षूंच्या निवासाला) द्या.

पुण्याच्या मंडळींनी लोणावळ्याहून राजमाचीमार्गे, किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावातून इथे उतरायचा बेत जुलैत आखू नये. उतार तीव्र आहे, धुक्यात रानातली वाट हरवते.

रविवार नकोच. पावसाळ्यात या भागातल्या धबधब्यांवर प्रशासन बंदीचे आदेश काढतं, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करा. दुपारी दोनला उतरायला लागा; ढग दाटले की रानात लवकर अंधारतं.