फाफ्सा, फॉर्म १६ आणि आईचा पासवर्ड

२००५ साली काकांनी पप्पांच्या नावाने अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, अर्ज केला, तेव्हा मी दोन वर्षांची होते. भावाबहिणींच्या रांगेत आमचा नंबर लागायला अठरा वर्षं गेली. जून २०२३ मध्ये आई, पप्पा, मी आणि धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात उतरलो, तेव्हा सांगलीत माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. पदवी अर्ध्यावर सोडून येताना मी खूप रडले होते. ते अर्धवट राहिलेलं शिक्षणच पुढे कामाला येईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मला खरं वाटलं नसतं.

मला नर्सिंगला जायचं होतं. काकूंनी सांगितलं, आधी कम्युनिटी कॉलेज कर. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, फी युनिटला (म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर, नर्सिंगच्या आधी लागणारे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हे विषय तिथेच होतात. पण ४६ डॉलर हा दर राज्याच्या रहिवाशांसाठी. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो, नाहीतर फी कितीतरी पट. म्हणून पहिलं वर्ष मी सँडविचच्या दुकानात काउंटरवर काम केलं, संध्याकाळी ॲडल्ट स्कूलमध्ये इंग्रजीच्या फुकट वर्गाला गेले आणि ऑगस्ट २०२४ च्या सेमिस्टरवर डोळा ठेवला.

पप्पा तेव्हा इंडियन ग्रोसरीत माल लावायचे, आई एका डे-केअरमध्ये मुलं सांभाळायची. आम्ही काकांच्या घरातल्या दोन खोल्यांत राहत होतो. बारा युनिट घेतले तर सेमिस्टरची फी ५५२ डॉलर. त्यावर पुस्तकं, लॅब, बस. हिशेब रोज मांडायचा आणि रोज तो अंगावर यायचा. इंग्रजीच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "तू फाफ्सा भरलास का?" हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत हवी असेल तर भरायचा हा फॉर्म. तो फुकट आहे, त्याच्या इंग्रजी नावातला पहिला शब्दच 'फ्री' आहे. ओळखीतलं एकजण तो भरून द्यायचे तीनशे डॉलर मागत होतं. कृपा करून कुणी असे पैसे देऊ नका.

फॉर्मपेक्षा पप्पांना राजी करणं अवघड गेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला आणताना काकांनी सरकारला लिहून दिलंय की ही माणसं तुमच्यावर भार होणार नाहीत, मग आपणच सरकारकडे हात पसरायचा? उद्या त्या पैशांची वसुली भावाकडे आली तर? आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करताना हे आडवं आलं तर? त्यांच्या जागी मी असते तर मलाही हीच भीती वाटली असती, कारण काकांच्या सहीचा तो हमीपत्राचा आय-८६४ फॉर्म आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या पोथीसारखा जपून ठेवलेला होता. मी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात गेले, तिथल्या बाईंना विचारलं आणि घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. शिक्षणासाठीची ही केंद्रीय मदत त्या हमीपत्रातल्या वसुलीच्या यादीत येत नाही. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची ही मदत, घेतली म्हणून कुणाला 'सरकारवर भार' धरत नाहीत. आणि काकांचा पगार फाफ्सात कुठेच लिहायचा नसतो. आपण त्यांच्या घरात राहत असलो तरी फॉर्मच्या लेखी कुटुंब म्हणजे आपण चौघंच. काका शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "अरे, मी सही केली ती पोरांनी शिकावं म्हणूनच ना?" पप्पा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी कागदांची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली.

मी एकवीस वर्षांची होते, स्वतः कमावत होते, तरी फाफ्साच्या हिशेबात आईवडिलांवर अवलंबून. तिथे चोवीस वर्षं ही रेघ आहे. त्याआधी लग्न, स्वतःचं मूल, सैन्यातली नोकरी असं काही असेल तरच विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो. फॉर्मला उत्पन्न लागतं दोन वर्षांपूर्वीचं. २०२४-२५ साठी २०२२ चं, म्हणजे आम्ही सांगलीत होतो तेव्हाचं. त्या वर्षी आईपप्पांनी अमेरिकेत एकत्र टॅक्स भरलेला असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे फॉर्मच्या वेबसाइटवर दोघांची वेगवेगळी खाती, टॅक्सची माहिती घेऊ देण्याची दोघांची वेगवेगळी संमती आणि दोघांच्या सह्या. आईला २०२२ मध्ये एक रुपयाही उत्पन्न नव्हतं, तरीही तिची संमती हवीच. ती नसेल तर मदत मिळतच नाही.

आईचं त्याआधी ईमेल खातंसुद्धा नव्हतं. एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिने चष्मा पुसला, किराण्याची वही उघडली आणि मागच्या कोऱ्या पानावर 'ईमेल' असं लिहून खाली रेघ मारली. पासवर्ड तिचा तिने ठरवला, मला सांगितला नाही. एकेक अक्षर शोधून दाबत होती आणि प्रत्येक अक्षरानंतर वहीत बघत होती. फोनवर सहा आकडी कोड आला तेव्हा ती घाबरून म्हणाली, "हा कुणाला सांगायचा नसतो ना?" मी म्हटलं, इथे टाकायचा, बाकी कुणाला नाही. तिने कोड टाकला, पान पुढे सरकलं आणि तिने वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

तीन दिवसांनी कळलं की आईचं खातं सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी ओळख नंबराच्या, नोंदीशी जुळलं नाही. माझंही नाही. कारण आपली नावं. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर ते तसंच उतरतं. मी फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं, आईचंही तसंच. कार्ड समोर ठेवून, त्यावर जसं छापलंय अगदी तसं, मधल्या जागेसकट लिहिलं तेव्हा जुळलं. मी पालकांना ईमेलवरून बोलावणं पाठवताना तेव्हा तिथेही नाव, जन्मतारीख आणि नंबर तंतोतंत तेच लागायचे. माझा ग्रीन कार्डावरचा 'ए' नंबरही दोनदा तपासून घातला. महाराष्ट्रातून आलेल्या कुणालाही मी आधी हेच सांगते: कार्ड समोर ठेवा, सवयीने नाव लिहू नका.

त्या वर्षी फॉर्मच नवीन केला होता. एरवी ऑक्टोबरमध्ये उघडणारा फॉर्म २०२३ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, आणि सुरुवातीला दिवसातून थोडा वेळच चालायचा. आम्ही फेब्रुवारीत भरायला बसलो. पप्पांच्या खात्यातून त्यांचा भाग उघडला. ते साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होते, त्यामुळे फॉर्म १६ आणि रिटर्नची पावती नीट लावलेली फाईल होती. पहिला पेच वर्षाचा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि यांना हवं जानेवारी ते डिसेंबर. ऑफिसातल्या बाईंनी नियम सांगितला: ज्या आर्थिक वर्षाचे जास्त महिने २०२२ मध्ये येतात ते धरायचं. म्हणजे २०२२-२३. पप्पा वाचत गेले, मी भरत गेले. "चार लाख ऐंशी हजार." मी ४८०००० टाकलं आणि पुढे गेले.

मग शेतीचा प्रश्न आला. गावाकडे दीड एकर आहे, सातबाऱ्यावर आजी, पप्पा, काका आणि दोन आत्या अशी पाच नावं. मी म्हटलं, ते कोण बघतंय, कसायला दुसऱ्याकडे आहे. पप्पा म्हणाले, "नाव आहे ना? मग लिहायचं." त्यांनी चुलतभावाला फोन लावून आजचा भाव विचारला, आपला पाचवा हिस्सा काढला, डॉलरमध्ये केला आणि तो आकडा कागदावर लिहून माझ्याकडे दिला. त्या आकड्याने आमच्या मदतीत काहीच फरक पडला नाही हे नंतर कळलं. पण तो लिहिताना पप्पांचा चेहरा मी पाहिला होता. फॉर्म भरायला बसल्यापासून पहिल्यांदाच ते ताठ बसले होते.

उत्तर आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मदत ठरते ती एसएआय नावाच्या आकड्यावरून; तो जितका लहान तितकी गरज मोठी, आणि आता तो शून्याच्या खालीही, उणे १५०० पर्यंत जातो. माझा आकडा सहा अंकी होता. पेल ग्रँट नाही. पप्पांना वाटलं, शेती लिहिल्यामुळे झालं. ते मला म्हणाले, "माझंच चुकलं बघ." ते ऐकून मी रात्री फॉर्मची एकेक ओळ पुन्हा वाचली, आणि मग दिसलं. शेतीचा आकडा त्यांनी डॉलरमध्ये करून दिला होता, पगार मात्र मी रुपयांतच टाकला होता. अमेरिकन सरकारच्या दृष्टीने माझे वडील वर्षाला चार लाख ऐंशी हजार डॉलर कमावत होते. नियम असा की फॉर्म भरतानाच्या दराने डॉलर करायचे. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ५,७८३ डॉलर. मी त्याच रात्री पप्पांना उठवून सांगितलं. सकाळपर्यंत त्यांनी ते ओझं वाहू नये असं मला वाटलं.

चूक सापडली तरी सुधारता येईना. त्या वर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत दुरुस्तीची सोयच सुरू झाली नव्हती. ते दोन महिने मी दुकानात जादा पाळ्या घेतल्या. सोय सुरू झाली त्या आठवड्यात पप्पांनी आपल्या खात्यातून आकडा बदलून पुन्हा सही केली. आठवड्याभरात नवा एसएआय आला: उणे १५००.

त्यानंतर कॉलेजने पडताळणीला बोलावलं. खिडकीवरच्या मुलाने छापील यादी पुढे केली: अमेरिकेच्या टॅक्स खात्याची २०२२ ची प्रत आणा. मी सांगितलं, आम्ही तेव्हा या देशातच नव्हतो. तो म्हणाला, प्रत नाही तर फाईल पुढे जाणार नाही. मी तशीच घरी आले आणि बसमध्ये रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि आधी भेटलेल्या त्याच बाईंसाठी दीड तास थांबले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की परदेशात टॅक्स भरला असेल तर त्या देशातल्या रिटर्नची सही केलेली प्रत चालते. पप्पांच्या रिटर्नवर त्यांची सही, सोबत फॉर्म १६, कडेला डॉलरचा हिशेब. फाईल पुढे गेली. पहिल्या खिडकीवर मिळालेलं 'नाही' हे त्या ऑफिसाचं शेवटचं उत्तर नसतं, हे मला त्या दोन दिवसांत समजलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एकदा जास्त विचारते.

जुलैत पत्र आलं. पेल ग्रँट वर्षाला ७,३९५ डॉलर, त्या वर्षीची सर्वात मोठी रक्कम. आणि कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून युनिटची फी पूर्ण माफ. आरोग्य सेवेची फी तेवढी भरावी लागली. पेल पूर्ण हवी तर बारा युनिट घ्यावे लागतात, नऊ घेतले तर पाऊणच मिळते. ग्रेड सरासरी २ च्या खाली गेली किंवा घेतलेल्या युनिटपैकी ६७ टक्के पूर्ण झाले नाहीत तर पुढची मदत थांबू शकते, म्हणून ऑक्टोबरमध्ये केमिस्ट्री सोडायचं मनात आलं तेव्हा मी आधी ऑफिसात विचारलं, आणि सोडलं नाही.

कॉलेजात मला कोल्हापूरची एक ताई भेटल्या, बी.कॉम. झालेल्या, घरची परिस्थिती आमच्यासारखीच. त्यांना पेल मिळाली नाही. पदवी जगात कुठेही झालेली असो, एकदा झाली की पेल मिळत नाही. मी सांगलीत आणखी एक वर्ष राहून बी.एस्सी. पूर्ण केलं असतं तर माझंही हेच झालं असतं. पण फीमाफीला पदवी आड येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या एक सेमिस्टर पूर्ण फी भरून बसल्या होत्या. मी त्यांना त्याच बाईंकडे घेऊन गेले. त्यांना पुढच्या सेमिस्टरपासून माफी मिळाली. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या मैत्रिणींना फाफ्साची मदत मिळत नाही, तेही मी विचारणाऱ्यांना आधीच सांगते, उगाच आशेला लावत नाही.

पेलचा पहिला हप्ता खात्यात आला तेव्हा मी ॲनाटॉमीचं जुनं पुस्तक विकत घेतलं, आणि दुकानातल्या पाळ्या आठवड्याला तीनवर आणल्या.

२०२५-२६ चा फॉर्म भरायला आम्ही डिसेंबरमध्ये बसलो. या वेळी उत्पन्न २०२३ चं, आणि तो टॅक्स आईपप्पांनी इथे एकत्र भरला होता. एकत्र भरला असेल तर दोघांपैकी एकाचंच खातं पुरतं. पप्पा सवयीने खुर्ची ओढून बसायला लागले. आईने ओट्यावरून हात पुसले, किराण्याची वही आणली, मागचं पान काढलं आणि म्हणाली, "या वर्षी मी करते." पासवर्ड तिने न बघता टाकला.