तानपुऱ्याच्या मापाची गाडी

माझी तानपुऱ्यांची जोडी मिरजेची. मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०२४ मध्ये. ही जोडी त्याच्या कितीतरी आधीची, गुरुजींनी स्वतः छेडून, निवडून दिलेली. मी लातुरात गाणं शिकवते. वर्षाकाठी दहा-बारा कार्यक्रम होतात, अंबाजोगाई, परळी, उदगीर, कधी नांदेड. पेटी-तबला त्या त्या गावात मिळतो. तानपुरे मात्र आपले आपणच न्यावे लागतात.

"मॅडम, ॲपवर लावा की तानपुरा," असं विद्यार्थीसुद्धा म्हणतात. रियाजाला मीही लावते. पण जवारी, म्हणजे तारा घोडीवर टेकतात तिथून उठणारी गुंज, चांगली उघडलेली असली आणि जोडी मनासारखी जुळली, की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'च्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार, 'ग' हा स्वर, ऐकू यायला लागतो. तो पाठीशी असला की माझा गळा निर्धास्त होतो. ते सोडायची माझी तयारी नव्हती.

इतकी वर्षं आम्ही भाड्याची गाडी करत होतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात उदगीरहून परत निघताना एक तानपुरा मागे दोन मुलींच्या मांडीवर आडवा घेतला होता. बाहेरून कुणीतरी दार जोरात लोटलं आणि तानपुऱ्याचा खालचा गोल भोपळा दारात चेपला. वाळलेली काटकी मोडावी एवढाच आवाज झाला. घरी येऊन गवसणी, म्हणजे वरची खोळ, काढली तर वीतभर चीर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

लातूरहून कुर्डुवाडी, पंढरपूरवरून मिरजेला रेल्वेने गेले, तानपुरा शेजारी धरून. कारागिरांनी तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, उघडली, चीर आतून पट्टी चिकटवून सांधली. हे भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकतात. वाळवलेलं फळच ते. टणक वाटलं तरी दाब आणि ऊन दोन्ही त्याला सोसत नाही, हे त्यांनी मला पुन्हा बजावून सांगितलं. परतीच्या गाडीतच ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची आणि ती तानपुऱ्याच्या मापाने घ्यायची.

आधी माप घेतलं. गवसणीसकट लांबी ५६ इंच, भोपळा सर्वांत रुंद जागी १७ इंच, तबलीपासून पाठीपर्यंत जवळपास १५. पुठ्ठ्याचा तानपुरा कापला आणि तो घेऊन शोरूम फिरलो. इथे माझी मोठी चूक झाली. पुठ्ठा सपाट, भोपळा गोल! एका हॅचबॅकमध्ये पुठ्ठा छान मावला, म्हणून दुसऱ्या दिवशी खरा तानपुरा नेला, तर मागची काच उतरती असल्यामुळे दार लागेना. आणखी एका गाडीत सीट पाडल्यावर मध्ये चांगली चार बोटं पायरी राहत होती. दांडी नेमकी त्या पायरीच्या कडेवर टेकली असती, आणि खड्ड्यात गाडी आदळली की सगळा मार दांडी-भोपळ्याच्या जोडावर.

तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी खरा तानपुरा घेऊनच गेले. विक्रीची मुलं डिकीचे लिटर सांगत. लिटरवरून तानपुऱ्याचं काहीच कळत नाही. सरळ लांबी किती मिळते, दाराचं तोंड किती रुंद आहे, खाली सपाट आहे का, एवढं बघायचं. सीएनजीचा मोह होता, पण सिलिंडर डिकीत बसतो म्हटल्यावर तो विषय तिथेच संपला.

शेवटी निवड अर्टिगा आणि ट्रायबर या दोघींत उरली. अर्टिगाची तिसरी रांग पाडली की ५५० लिटरची जागा होते, आणि गाडी ऐसपैस. पण आमच्या गल्लीचं वळण अरुंद. ट्रायबर चार मीटरच्या आत, आणि तिच्या तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या चक्क उचलून बाहेर काढता येतात. मग ८४ लिटरची डिकी ६२५ची होते. माझ्या कामाचं म्हणजे खालची जमीन मोकळी झाली. दोन्ही भोपळे शेजारी-शेजारी बसले, मधल्या रांगेची लहान बाजू पाडून दोन्ही दांड्या पुढे आल्या. मोठ्या बाजूला दोन मुली बसतात. तानपुऱ्याला दोघीच तर लागतात! रंग मुद्दाम पांढरा घेतला, आपल्याकडचं ऊन माहीत आहे.

भोपळ्यांसाठी गादीवाल्याकडे दोन जाड चुंबळी करायला टाकल्या. तो म्हणाला, "ताई, हे कशाला करायलाव?" मी त्याला घरी बोलावून तानपुरा दाखवला. त्याने भोपळ्यावरून हळूच हात फिरवला, आणि चुंबळ आतून उतरती करून आणली, वाडग्यासारखी. मला ते सुचलंच नव्हतं. दांड्यांखाली लांब उशी, दोन दांड्यांच्या मध्ये घडी घातलेली सतरंजी. निघण्यापूर्वी तारा थोड्या उतरवते, तारांखाली घोडीवर सरकवलेले जवारीचे दोरे काढून डबीत ठेवते. वर काहीही ठेवायचं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. जेवायला थांबलो तर गाडी सावलीत, आणि एक जण गाडीपाशी.

पहिली खेप अंबाजोगाईची झाली. यजमानांनी गाडी इतकी जपून चालवली की मागून ट्रॅक्टरनेही आम्हाला ओलांडलं. पोचल्यावर गवसण्या काढल्या, भोपळ्यांवरून बोटं फिरवली, तारा चढवल्या. खर्ज जुळायला थोडा वेळ लागला. मग धाकटी विद्यार्थिनी माझ्याकडे बघून एकदम म्हणाली, "मॅडम, गंधार!"

काढलेल्या दोन खुर्च्या आता घरी ओसरीवर आहेत. शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील त्यांवर बसून वाट बघतात.