चार म्हशी: अधिक की उणे?

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठी दर हिवाळ्यात एम.प्लॅनची, म्हणजे नगरनियोजन शिकणारी मुलं घेऊन जाते. लोकांना वाटतं, आम्ही नकाशे रंगवतो. पहिले दोन दिवस खरं तर भिंती मोजण्यात जातात. २०१९च्या पुराची खूण घरोघर आहे, पण विटेतून ओल वर चढते, त्यामुळे पोपडे आलेली रेघ म्हणजे पाण्याची पातळी नव्हे. गाळाची बारीक रेघ शोधायची. बाहेर ती पावसानं धुतलेली असते, सापडते कपाटामागे. तिथे स्टाफ, म्हणजे मोजणीची खुणांची पट्टी टेकवून उंची घ्यायची. ड्रोनशिवाय ज्यांचं पान हलत नाही ती मुलं इथे गप्प होतात, आणि मला (खोटं कशाला बोलू) बरं वाटतं.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक घराचा असुरक्षितता निर्देशांक: आकडा मोठा तर घर धोक्यात, नकाशावर लाल; लहान तर हिरवं. जनावरं म्हणजे मालमत्ता, मालमत्ता म्हणजे तग धरायची ताकद, म्हणून त्या रकान्याला उणे चिन्ह. तक्ता माझाच. सात वर्षं तोच चालवतेय.

चार म्हशी आणि स्लॅबचं घर असलेल्या एका आजी त्यामुळे ठसठशीत हिरव्या निघाल्या. माझी विद्यार्थिनी त्यांना विचारत होती, "आजी, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५५च्या वर गेलं. तुम्ही आधीच का नाही निघालात?"

"तुज्या त्या शाळंत म्हस घेत्यात व्हय?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. पुरात शाळेत उभारायच्या निवाऱ्याच्या आमच्या आराखड्यात शौचालयं होती, रॅम्प होता, चार्जिंगची सोयसुद्धा होती. गोठा नव्हता.

आजींनी गोठ्यात नेलं. खुंटीला दाव्याचा वीतभर तुकडा लोंबत होता, टोक विळ्यानं कापलेलं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा गाठ सोडायला गेल्या, पण भिजलेली गाठ सुटेना. तीन दावी कापली. चौथ्या म्हशीपाशी पोचेपर्यंत पाणी छातीला लागलं होतं. "आता आखाड लागला की सुरगाठच मारती," म्हणाल्या आणि एका झटक्यात सोडून दाखवली.

त्या रात्री मुलीनं जनावरांचं चिन्ह उलटं केलं. आजी लाल झाल्या. पण वरच्या गल्लीतली शेतमजूर बाई एकदम सुरक्षित दिसू लागली, कारण तिच्याकडे म्हैसच नाही. पूर ओसरल्यावर दूध विकून चूल पेटवायची सोयही नाही, हे तक्त्याला कुठून कळणार? सहकाऱ्याला विचारलं तर म्हणे, "त्या रकान्याचं वेटेज, म्हणजे वजन, शून्य करून टाका." आमच्या विभागात अडचणीचं काही निघालं की शून्य करतात.

मुलीनं शेवटी दोन निर्देशांक केले, एक पाणी चढतानाचा, एक ओसरल्यानंतरचा. बाहेरचे परीक्षक एकच नकाशा मागतात. तिच्या गुणपत्रिकेतला रकाना मी अजून भरलेला नाही.