बक्षीस नसलेला तास

लातूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील आमच्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा होती आणि तिचे स्नेहसंमेलन दरवर्षी साने गुरुजींच्या जयंतीला, म्हणजे 24 डिसेंबरला धरून होत असे. गावात स्नेहसंमेलन हा शब्द कोणी वापरत नसे. सगळ्यांच्या तोंडी 'गॅदरिंग'च होते. वेळ अमावास्या कधी त्याच्या आधी येई, कधी नंतर. आधी आली की शेतातल्या कडब्याच्या खोपी अजून उभ्या असत, आंबिलाची चव जिभेवर असे आणि आम्ही शाळेच्या मैदानावर मांडवाचे खांब रोवायला लागत असू.

लेझीम, नाटुकली, भारूड, रात्री उशिरापर्यंत चालणारी गाणी, घरांच्या धाब्यांवर आणि झाडांवर बसून पाहणारे गाव, हे सगळे आमच्याकडेही होते. पण इतक्या वर्षांनंतर मनात घर करून राहिला आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळचा एक तास. कर्णेवाला रात्रीचे जागरण करून झोपलेला असे. सतरंज्यांवर दव पडलेले असे. अशा वेळी पाचवी ते सातवीची मुले गोल करून बसत आणि प्रत्येक जण शाळेच्या हस्तलिखित अंकातले स्वतःचे पान वाचत असे. टाळ्या नाहीत, माइक नाही, क्रमांक नाहीत. पालक आले तर मागे बसून ऐकत.

हस्तलिखिताची प्रथा आमच्या गुरुजींनी सुरू केली होती. साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत असत, हे ते आम्हांला दरवर्षी त्याच भक्तिभावाने सांगत. विषय मात्र त्यांचा स्वतःचा होता आणि तो कधी बदलला नाही: या वर्षी तुला एकट्याला काय दिसले? 'माझी आई' किंवा 'पावसाळ्यातील एक दिवस' असले निबंध आम्ही परीक्षेत लिहीतच होतो. ते कसे लिहायचे हे फळ्यावर आयते मिळत असे. या प्रश्नाचे उत्तर मात्र फळ्यावर नव्हते. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून तो प्रश्न डोक्यात फिरत राही आणि विहिरीवर, गोठ्यात, बाजारात आपण नेमके काय पाहतो आहोत याकडे लक्ष जाऊ लागे. मुलाचे अंतरंग घडते म्हणजे काय होते, हे मला पुस्तकातून फार उशिरा कळले. घडण्याची ती रीत मी आधी त्या सतरंजीवर अनुभवली होती.

एका वर्षी सहावीतल्या एका मुलाने हाळीच्या बाजारात विकलेल्या देवणी बैलाविषयी लिहिले. त्याचे पान जेमतेम पाच ओळींचे होते. विकलेला बैल वळून मालकाकडे पाहतो असे सगळे म्हणतात, म्हणून मी दावणीपासून रस्त्यापर्यंत त्याच्या मागे चालत गेलो, पण आमच्या बैलाने वळून पाहिले नाही, असे त्यात होते. गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका शिसपेन्सिलीने दाखवल्या आणि एवढेच विचारले, "हे तू पाहिलंस ना?" तो हो म्हणाला. "मग राहू दे." मजकुराला त्यांनी हात लावला नाही.

त्या वर्षी आलेल्या एका पाहुण्यांना ते पान इतके आवडले की त्यांनी तिथल्या तिथे एक्कावन्न रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि दरवर्षी उत्तम पानाला बक्षीस द्यावे अशी सूचना केली. शाळेने ती मान्य केली. पुढच्या डिसेंबरात सात जणांच्या पानांत बैल विकला गेला होता आणि सातही जण रडले होते. त्यांतला एक मी होतो. आमच्या घरी बैल नव्हता. शेत बटईने दिलेले होते. वाचताना माझा आवाज घशात अडकला, आणि तो रडू आल्यामुळे अडकला असे मागे बसलेल्यांना वाटले, याची बोच मला आजही आहे. गुरुजी कोणालाच रागावले नाहीत. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून फक्त बक्षीस बंद केले. स्पर्धेने मुलाची तयारी वाढते, हे मी शिक्षक म्हणून नाकारत नाही. पण आपल्याला काय वाटते याचीही स्पर्धा लावली की मूल दुसऱ्याला काय वाटले तर आवडेल ते शोधू लागते, हे मी स्वतःवरून जाणतो.

त्या तासाला एक वृद्ध गृहस्थ न चुकता येत. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनासाठीही त्यांनाच मान असे, कारण निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात ते होते. ते भाषण क्वचितच करत. त्यांच्या लहानपणी सरकारी शाळेत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मनात येई ते मराठीत आणि पाटीवर उतरे ते उर्दूत, असे ते सांगत. उर्दूविषयी त्यांच्या मनात राग नव्हता, उलट त्या भाषेतले शेर त्यांना मुखोद्गत होते. पण लेकराच्या आतले बोल आणि शाळेतले बोल वेगळे पडले की लेकरू शाळेत अर्धेच येते, असे त्यांचे म्हणणे होते. 1921 साली सुरू झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आणि तिथे मुख्याध्यापक राहून पुढे अंबाजोगाईत काम केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते त्यांच्याच तोंडून. त्या शाळा केवळ लढ्यासाठी माणसे तयार करत नव्हत्या, तर मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेत विचार करण्याची मोकळीक देत होत्या, हे त्यांनी आम्हांला पटवून दिले होते.

आज आमचा जिल्हा परीक्षांच्या कसून तयारीच्या 'लातूर पॅटर्न'साठी ओळखला जातो. त्या परिश्रमांतून शेतकऱ्यांची मुले डॉक्टर, इंजिनीअर झाली आणि घरे वर आली, त्याचा मला अभिमान आहे. फक्त पहाटेपासून सराव चाचण्या सोडवणाऱ्या मुलाला, तुला एकट्याला काय दिसले, हे विचारणारा दिवसातला एक तास कुठे तरी उरावा, ही माझी तळमळ आहे.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत होतो. आदल्या रात्री गणेश विसर्जनातून लोक नुकतेच घरी येऊन झोपले होते. आमच्याकडे जमीन हलली आणि उतरंडीची मडकी फुटली एवढेच. पण जिल्ह्याच्या दक्षिणेकडे आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक मुलगा आला. तो मामाकडे राहायला आला होता. त्यापलीकडे काही विचारायचे नाही, असे गुरुजींनी आम्हांला आधीच सांगितले होते.

त्या वर्षी गॅदरिंग करावे की नाही यावर गावात बराच खल झाला. शेवटी गाणी, नाटुकली आणि कर्णा रद्द झाला. सकाळचा तास तेवढा ठेवला. हजेरीच्या क्रमाने नावे पुकारली जात होती. त्या मुलाचे नाव आले तेव्हा तो उभा राहिला. त्याच्या हातात कागद नव्हता. गुरुजी थांबले. त्यांनी 'बोल बाळा' म्हटले नाही की 'बस' म्हटले नाही. कुठे तरी रहाटाची कप्पी करकरत होती, ती मला स्पष्ट ऐकू येत होती. आम्ही चाळीस मुले, एरवी क्षणभर गप्प न बसणारी, मान खाली घालून बसून होतो. बऱ्याच वेळाने तो आपणहून खाली बसला आणि गुरुजींनी पुढचे नाव घेतले.

तोपर्यंत हस्तलिखिताची बांधणी व्हायची होती. माझे अक्षर बरे म्हणून पानांभोवतीची वेलबुट्टी काढण्याचे काम माझ्याकडे होते. त्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर कंदिलाजवळ बसून मी पाने क्रमाने लावत होतो, तेव्हा एका पानावर वर फक्त त्या मुलाचे नाव आणि खाली कोरा कागद दिसला. नाव गुरुजींच्या अक्षरात होते. चुकून आले असेल असे वाटून मी ते त्यांना दाखवायला नेले आणि याला पण वेलबुट्टी काढायची का, असे विचारले.

"बाकीच्या पानांना आहे ना?" खळ ढवळत ते म्हणाले. "मग यालाही काढ."

मी हिरवी शाई घेतली आणि कोपऱ्यातल्या पहिल्या पानापासून वेल चढवायला लागलो.